ओळखीच्या शब्दांची परकी भाषा

बँकॉकच्या विमानतळाचे नाव सुवर्णभूमी. २००६ साली तो वाहतुकीस खुला झाला, आणि तेव्हापासून आपल्याकडून तिकडे जाणाऱ्या माणसाच्या आनंदाला पहिले भरते येते ते त्या पाटीपाशी. आत समुद्रमंथनाचे भव्य शिल्प. एका अंगास देव, दुसऱ्या अंगास दैत्य, मधे दोरी झालेला वासुकी. बाहेर पडावे तो राजांच्या ‘राम’ या बिरुदाचे रस्ते, आणि थोडे उत्तरेला गेले की साक्षात अयोध्या. नोव्हेंबर २०२३ मध्ये थायलंडने भारतीय प्रवाशांना व्हिसावाचून प्रवेश देण्यास आरंभ केला, तेव्हापासून तर ही सुवर्णभूमी आपल्या मंडळींना अधिकच जवळची झाली. परत आल्यावर दिवाणखान्यात बसून जी हकीगत सांगितली जाते, तिचा शेवट बहुधा ठरलेला असतो : “सगळे आपलेच हो! भाषासुद्धा आपलीच. नीट कान देऊन ऐकले की आत संस्कृत आहे!”

असे कोणी म्हणाले की मला विचारावेसे वाटते, की मग टॅक्सीवाल्याला तुम्ही काय सांगितलेत? कारण ‘सुवर्णभूमी’ असा शुद्ध, घोटीव उच्चार केला तर त्या बिचाऱ्याला काही कळण्याचा संभव कमीच. तो त्या जागेला ‘सुवन्नफूम’ म्हणतो. लिहितो मात्र सुवर्णभूमीच. त्यातला रेफही लिहितो आणि शेवटचा इकारही लिहितो. उच्चारायचे त्याच्या जिभेला जे परवडते ते.

माझे म्हणणे थोडक्यात असे आहे : थाई बोलू पाहणाऱ्या आपल्या माणसापुढे पाच सुरांची, चव्वेचाळीस व्यंजनांची, जोडून लिहिलेल्या सलग ओळींची जी अडचण सांगतात ती खरी असली तरी मेहनतीने सुटण्यासारखी आहे. ज्याला औषध नाही असा अडसर निराळाच आहे, आणि तो म्हणजे ‘हे आपलेच आहे’ हा समज. इंग्रज किंवा जर्मन माणूस थाई शिकायला बसतो तेव्हा आपल्याला काही येत नाही या पायरीवरून चढू लागतो. आपण जिन्याच्या मध्यावर उभे आहोत अशा थाटात पाऊल टाकतो, आणि तेथे पायरी नसते.

शब्द ओळखीचे आहेत हे कोण नाकारील? पण ओळखीचा चेहरा आणि ओळखीचा माणूस यांत अंतर असते. थाईत ‘सोंगसान’ म्हणजे दया येणे, कीव येणे. हा शब्द मुळात आपला ‘संसार’! (त्या लोकांनी संसाराचा अर्थ बरोबर ओळखला, असे काही वाचक म्हणतील, त्यांच्याशी मी वाद घालणार नाही.) ‘विचान’ म्हणजे टीका करणे, तो आपला ‘विचार’. ‘सन्या’ म्हणजे वचन किंवा करार, ती ‘संज्ञा’. ‘ओकात’ म्हणजे संधी, तो ‘अवकाश’. ‘आकात’ म्हणजे हवा, ते ‘आकाश’. चुकून धक्का लागला की थाई माणूस ‘खो थोत’ म्हणतो, म्हणजे शब्दशः ‘दोष मागतो’. आणि फार अदबीने बोलायचे झाले तर ‘खो अफाय’, म्हणजे ‘अभय मागतो’. आभार मानताना तो ‘खोप खुन’ म्हणतो, त्यातला ‘खुन’ हा आपला ‘गुण’ होय. मराठी कानाला मात्र तो भलताच ऐकू येतो. संस्कृताच्या बळावर यांपैकी एकाही शब्दाचा आजचा अर्थ कोणी आधी सांगू शकला असता काय? नंतर सांगितल्यावर ‘हो, बरोबर’ म्हणणे सोपे. पण ते भाषा येणे नव्हे.

आता हे शब्द असे का झाले ते पाहू, कारण थाई बोलण्याची खरी किल्ली तेथेच आहे, आणि ती किल्ली आपल्या हातात इतरांपेक्षा लवकर येण्यासारखी आहे.

थाई वर्णमाला आपल्यासारखीच वर्गांनी मांडलेली आहे. तिकडचे मूल अक्षरे शिकते तीही आपल्या ‘ग गणपतीचा’ या तऱ्हेनेच. ‘क’ कोंबडीचा, ‘ख’ अंड्याचा. तालव्य श हा शाळेतल्या ‘शाला’चा, मूर्धन्य ष हा ‘ऋषी’चा, पण श, ष, स हे तिन्ही बोलताना मात्र ‘स’च. आपणही ‘षटकोन’ म्हणताना मूर्धन्य ष कितीसा उच्चारतो? तेव्हा त्यांना हसण्याचे कारण नाही. गंमत पुढे आहे. वर्गातले तिसरे अक्षर, आपला ग, ज, द, ब, थाई तोंडात ख, छ, थ, फ होते. म्हणून नगराचे ‘नखोन’, राजाचे ‘राछा’, देवाचे ‘थेप’, बुद्धाचे ‘फुत’. शब्दाच्या अखेरीस ल किंवा र आला तर त्याचा न होतो; स, ज, द, श आला तर त्याचा त होतो, आणि तो त देखील जीभ दातांमागे लावून तेथेच थांबवायचा, सोडायचा नाही. बंद अक्षरातला ‘अ’ बंगाल्यांसारखा ‘ओ’कडे झुकतो. १९४६ पासून २०१६ पर्यंत ज्यांनी राज्य केले त्या राजांचे नाव भूमिबल अतुल्यतेज. थाई उच्चार ‘फूमिफोन अदुन्यदेत’. रामायणाच्या थाई रूपात, रामकियेनमध्ये, रावणाला दशकंठ म्हणतात, आणि दशकंठाचा उच्चार ‘थोत्सकान’. हा नियम एकदा अंगवळणी पडला की रथाचे ‘रोत’ का झाले आणि ‘रोत’पुढे अग्नी या अर्थाचा ‘फाय’ लावून आगगाडीला ‘रोतफाय’ का म्हणतात, हे कळून मनाला गुदगुल्या होतात. आपली आगगाडी आणि त्यांची रोतफाय एकाच कल्पनेच्या दोन मुली.

इंग्रजी शब्दही याच चरकातून जातात. फुटबॉलचे ‘फुतबोन’ होते, हॉटेलातल्या बिलाचे ‘बिन’. त्यामुळे ‘तिकडे इंग्रजीने भागते’ असे म्हणणाऱ्यालाही थाई ध्वनींची तोंडओळख करून घेतल्यावाचून गत्यंतर नाही.

पण ग गेला कोठे? तो ख झाला, म्हणजे मूळचा ख आणि गचा झालेला ख हे एकच झाले काय? नाही. बोलण्यात दोन्ही ख; पण सूर निराळा. ‘खा’ हा शब्द मूळच्या ख-अक्षराने लिहिला तर तळातून वर चढणाऱ्या सुरात म्हणायचा, आणि त्याचा अर्थ पाय. तोच ग-अक्षराने लिहिला तर सपाट, मधल्या सुरात म्हणायचा, आणि त्याचा अर्थ अडकून राहणे. घोष नाहीसा झाला खरा, पण जाताना आपली खूण म्हणून सूर ठेवून गेला. हे चमत्कारिक वाटेल, पण याचे उदाहरण आपल्या शेजारीच आहे. फाळणीनंतर इंदूर-ग्वाल्हेरकडे आलेल्या पंजाबी कुटुंबांत एखाद्या वृद्ध गृहस्थाच्या तोंडून ‘घोडा’ हा शब्द ऐकावा. त्यात घ नसतो. क असतो, आणि त्याबरोबर आवाज खाली दबून मग वर येतो. पंजाबीने महाप्राण घोष घालविला आणि सूर कमाविला. थाईने हाच व्यवहार शेकडो वर्षांपूर्वी फार मोठ्या प्रमाणावर केला.

थाई सूर पाच. त्यांची नावे ऐकून पुन्हा ती उकळी फुटेल, म्हणून आधीच सावध करतो : सामान्य, एक, द्वि, त्रि, आणि चत्वा. थाई उच्चारात ‘सामन’, ‘एक’, ‘थो’, ‘त्री’, ‘चत्तवा’. पहिला मधला आणि सपाट, दुसरा खालचा, तिसरा वरून कोसळणारा, चौथा उंच, पाचवा खालून उठणारा. ‘मा’ सपाट म्हटले तर येणे, उंच म्हटले तर घोडा, उठवून म्हटले तर कुत्रा. ‘सुआ’ उठवला तर वाघ, कोसळवला तर सदरा, खाली ठेवला तर चटई. ‘क्लाय’ सपाट म्हणजे दूर. तेच कोसळत्या सुरात म्हणजे जवळ. कोणा स्त्रीला ‘सुआय’ म्हणून ती सुंदर आहे असे सांगायचे तर सूर उठवावा लागतो. सपाट राहिला तर ‘अभागी’ असा अर्थ होतो, आणि परदेशी पाहुण्यांच्या फजितीच्या गोष्टींत ही गोष्ट हटकून पहिली असते. थाई लोक स्वतःच गमतीने एक वाक्य ऐकवतात, ज्यात ‘माय’ हा एकच ध्वनी पाच वेळा येतो आणि अर्थ होतो, नवे लाकूड जळत नाही ना?

आपल्या जुन्या वाचकांना यात अगदीच अपरिचित असे काही नाही. स्वर चुकला की अर्थ फिरतो हे वेदपाठशाळेत बसलेल्या मुलाला पहिल्या दिवशी सांगत असत. त्वष्ट्याने इंद्राचा घात करणारा पुत्र मागितला, पण ‘इन्द्रशत्रु’ या शब्दातला उदात्त चुकीच्या जागी पडला आणि इंद्रानेच त्याला मारले, ही कथा ज्याने ऐकली आहे त्याला थाई माणसाची अडचण समजावून सांगावी लागत नाही. फरक इतकाच की आपल्याकडे ती चूक यज्ञात होई, तिकडे ती बाजारात भाजी घेताना होते.

संगीताचे कान असलेल्याला थाई लवकर येते, असे म्हणतात. मला ते अर्धेच खरे वाटते. उपयोग होतो तो एका बाबतीत : सूर म्हणजे अमुक इतकी उंची नव्हे, हे गाणे ऐकणाऱ्याला ठाऊक असते. आजोबांचा षड्ज निराळा, नातीचा निराळा. दोघेही आपापल्या षड्जावरून उंच आणि नीच ठरवितात. थाईतही तसेच आहे. परंतु गाण्याच्या कानाने एक सवय मोडत नाही, आणि ती सर्वांत हट्टी आहे. आपण प्रश्न विचारताना वाक्याचे शेपूट वर उचलतो. रागावलो की शब्दावर आघात देतो. शंका आली की सूर लांबवतो. थाईत शेवटचा शब्द असा उचलला की तो दुसराच शब्द होतो. प्रश्न विचारायचा तर त्यासाठी निराळा शब्द जोडायचा, आग्रह करायचा तर निराळा, लाडीगोडीला निराळा. भावनेसाठी आवाज मोकळा नाही. तो अर्थाच्या नोकरीस लागलेला आहे. मनातला राग किंवा कुतूहल बाजूस ठेवून एखादे वाक्य सरळ म्हणणे हे आपल्यासारख्या हातवारे करून बोलणाऱ्या लोकांस किती जड जाते, ते करून पाहिल्यावाचून कळत नाही.

लेखनाचा भाग मी लवकर आटोपतो. व्यंजनांचे तीन वर्ग, उच्च, मध्य आणि नीच; सुरांची चार चिन्हे; आणि अक्षराचा वर्ग, स्वराची लांबी व चिन्ह हे तिन्ही पाहून सूर ठरतो. दुसऱ्या क्रमांकाचे चिन्ह काही अक्षरांवर तिसराच सूर दाखविते, आणि विद्यार्थी डोके धरून बसतो. ओळीत शब्द तोडत नाहीत. काही स्वर व्यंजनाच्या आधी लिहितात. पण आपण ‘कि’ लिहिताना वेलांटी आधी काढतोच की. जे अक्षर लिहायचे पण उच्चारायचे नाही त्याच्या डोक्यावर एक लहानसे चिन्ह असते, त्याचे नाव ‘दंडघात’. असा दंड खाऊन मुकाट बसलेली संस्कृत अक्षरे थाई पुस्तकाच्या पानापानावर आहेत. वारांची नावे पाहा : आदित्य, चंद्र, अंगार, बुध, बृहस्पती, शुक्र, सौर. त्यातला चंद्र ‘चन’ इतकाच ऐकू येतो. द्र लिहिलेला असतो, पण तो शिक्षा भोगत असतो. अंगारकी चतुर्थी पाळणाऱ्यांना मंगळवारचे नाव तरी पाठ करावे लागू नये.

आता आपल्या पदरात जमेची बाजू कोणती? ती मोठी आहे, आणि बहुतेक जण ती वाया घालवितात. क आणि ख, त आणि थ, प आणि फ यांतला फरक इंग्रज विद्यार्थ्याला महिनोन्महिने साधत नाही. आपल्याला तो आईच्या मांडीवर आलेला असतो. ‘ॲ’ आणि ‘ऑ’ हे स्वर मराठीने इंग्रजी शब्दांसाठी कमाविले, ते थाईत उपयोगी पडतात. असे असूनही आपला माणूस थाई शिकतो ती रोमन लिपीतल्या पुस्तकावरून, आणि तेथे ‘पीएच’ पाहून ‘फुकेत’चा फ दात-ओठांनी उच्चारतो. हाती असलेली देवनागरी सोडून इंग्रजाच्या अडचणी उसन्या घेण्याचा हा प्रकार आहे. मात्र सर्वच आपल्याला येते असेही नाही. आपण ऱ्हस्व-दीर्घ लिहितो, बोलताना ते पाळतोच असे नाही. थाईत तो भेद ए-ओ यांनाही आहे आणि त्यावर अर्थ अवलंबून आहे. शिवाय ङ! बाराखडीत आपण त्याला नुसते हजर म्हणून पुढे जातो. शब्दाच्या आरंभी तो आपल्या कोणीच म्हटलेला नाही. थाईत काम म्हणजे ‘ङान’, पैसा म्हणजे ‘ङन’सारखे काहीतरी, साप म्हणजे ‘ङू’. आणि ‘सोपे’ याला शब्द कोणता? ‘ङाय’.

व्याकरणाचे म्हणाल तर लिंग नाही, वचन नाही, विभक्ती नाही, क्रियापदाला काळाचे प्रत्यय नाहीत. ‘तो दिवा, ती पणती, ते निरांजन’ यात परक्यांना वर्षानुवर्षे घोळवणाऱ्या मराठी माणसाने याबद्दल त्यांचे आभारच मानावेत. त्या बदल्यात मोजण्याचे शब्द शिकावे लागतात. त्यांना ‘लक्षणनाम’ असेच म्हणतात. सदरे तीन ‘तुआ’, पुस्तके तीन ‘लेम’, नावा तीन ‘लाम’, भिक्षू तीन ‘रूप’. रानातला हत्ती ‘तुआ’ने मोजायचा, माणसाळलेला हत्ती ‘छुआक’ने, आणि छुआक म्हणजे दोरखंड. वेळ सांगण्याची चालती रीत सहा-सहा तासांची आहे. रात्रीचे आठ म्हणजे ‘दोन थुम’. थुम हा नगाऱ्याचा आवाज. ज्या शहरांत वाड्याच्या नगारखान्यावरून वेळ कळत असे, त्या शहरांतल्या माणसांस याचे नवल वाटू नये.

याहून नाजूक भाग आहे तो अदबीचा. जेवणे या एका क्रियेला घरगुती शब्द ‘किन’, चारचौघांत ‘थान’ किंवा ‘रप-प्रथान’, ज्यात आपले ‘प्रदान’ आहे, भिक्षूंसाठी ‘छन’, राजघराण्यासाठी ‘सवोय’. राजघराण्याशी आणि राजघराण्याविषयी बोलण्याच्या या भाषेला ‘राछासप’, म्हणजे राजशब्द, असे नाव आहे, आणि तिच्यात ख्मेर व संस्कृत शब्दांचा भरणा आहे. संस्थानी शहरांत वाढलेल्या आपल्या घराण्यांना हे सांगण्याची काय गरज? ‘स्वारी आली’, ‘आईसाहेबांस कळविले’, ‘मुदपाकखान्यात वर्दी दिली’ ही भाषा जुन्या माणसांच्या तोंडी होती, आणि ती पुण्या-मुंबईच्या पाहुण्यांना नाटकी वाटे. ती नाटकी नव्हती. कोणाशी कोणत्या अंतरावरून बोलायचे याची ती मापे होती. थाई बोलणाऱ्याला अशी मापे दिवसभर घ्यावी लागतात. समोरचा वडील असेल तर ‘फी’, धाकटा असेल तर ‘नोंग’. काका-मामा, आत्या-मावशी असा भेद आपण बाजू आणि लिंग पाहून करतो. थाई माणूस आईबापांहून थोर असलेल्यांना पुरुष असेल तर ‘लुंग’ आणि स्त्री असेल तर ‘पा’ म्हणतो, मग ते कोणत्याही बाजूचे असोत. धाकट्यांत मात्र वडिलांकडचे ते ‘आ’ आणि आईकडचे ते ‘ना’, मग पुरुष असो की स्त्री. फळवालीला यातले योग्य नाते लावणे हे सूर साधण्याइतकेच आवश्यक आहे, आणि तिला नुसत्या बोटाने खुणावणे हा उद्धटपणा आहे. वाक्याच्या शेवटी पुरुषाने ‘ख्रप’ म्हणायचे, बाईने ‘खा’. शिक्षिकेकडून शिकलेले परदेशी पुरुष मोठ्या आत्मविश्वासाने ‘खा’ म्हणतात. ऐकणारे हसतात, पण सुधारीत नाहीत. दोन वाक्ये जमली की ‘थाई छान बोलता’ अशी शाबासकी मिळते. या शाबासकीवर जो विसंबला त्याची प्रगती तेथेच थांबली.

अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याच्या भाषाशाळेने थाईला सुमारे ४४ आठवडे, म्हणजे ११०० तासांचे शिक्षण लागते असे धरले आहे. हिंदीही त्याच प्रतीत आहे. म्हणजे अमेरिकन माणसाला दोन्ही सारख्याच दूर. बँकॉकमध्ये मार्व्हिन ब्राउन नावाच्या भाषाशास्त्रज्ञाने १९८४ पासून एक निराळी पद्धत चालविली : विद्यार्थ्याने आरंभी बोलायचेच नाही, शेकडो तास नुसते ऐकायचे. मोठी माणसे मुलांपेक्षा वाईट शिकतात याचे कारण ती घाईने बोलू लागतात, असे त्यांचे मत होते. इतके मौन पाळायला ज्याला सवड आहे त्याने पाळावे. नोकरी-धंद्यासाठी गेलेल्याला पहिल्या दिवसापासून पाणी आणि भात मागावाच लागतो. पण क्रम मला पटतो. आपल्या वाट्याला आलेला दोष नेमका ऐकण्याआधी ओळखण्याचा आहे. शब्द कानी पडतो, आत संस्कृत सापडते, आणि तेवढ्याने समाधान पावून आपण त्याचा सूर ऐकायचे विसरतो.

ही केवळ शिकण्याच्या पद्धतीची गोष्ट नाही. १९२६ साली कलकत्त्यात ‘ग्रेटर इंडिया सोसायटी’ स्थापन झाली आणि ‘बृहत्तर भारत’ ही कल्पना सुशिक्षितांत रुजली. तिच्यातून चांगले संशोधन झाले, त्याबरोबरच एक थोरल्या भावाचा ताठाही आला. थाईतले संस्कृत शब्द आपण जाऊन पेरले असे मानले जाते. प्रत्यक्षात त्यातले पुष्कळ ख्मेर दरबाराच्या वाटेने किंवा मोन व सिंहली भिक्षूंच्या पालीच्या वाटेने आले, आणि कितीतरी तर थाई विद्वानांनी आपल्या गरजेसाठी अलीकडे घडविले. महिन्यांची नावे राशींवरून, एकतीस दिवसांचे असतील तर ‘आगम’ जोडून आणि तीस दिवसांचे असतील तर ‘आयन’ जोडून, राजपुत्र देववंश यांनी १८८९ साली ठरविली. ‘सवत्दी’ हा सर्वांच्या परिचयाचा नमस्कार ‘स्वस्ति’वरून प्राध्यापक फ्रया उपकित सिल्पसान यांनी विसाव्या शतकात घडविला, आणि १९४३ साली सरकारने तो रूढ केला. टेलिफोनला त्यांनी ‘दूर’ आणि ‘शब्द’ जोडून ‘थोरसप’ म्हटले, टेलिव्हिजनला ‘थोरथत’, म्हणजे दूरदर्शन. शिवकालीन राज्यव्यवहारकोश ज्यांच्या परंपरेत आहे, ‘श्रीसयाजीशासनकल्पतरू’ १९३१ साली ज्यांच्या बडोद्यात छापला गेला, त्यांना हे काम काय असते ते समजले पाहिजे. एका भाषेने जुन्या खाणीतून दगड काढून आपले घर बांधले. म्हणून ते घर खाणवाल्याचे होत नाही. आणि देवघेव एकमार्गी तरी कोठे होती? थाईच्या सख्ख्या बहिणी, खामती आणि फाके, आपल्याच देशात अरुणाचल व आसामात बोलल्या जातात. १२२८ साली आसामात आलेले आहोम राजेही त्याच कुळातले.

स्वामी सत्यानंद पुरी हे बंगाली पंडित १९३२ साली थायलंडला गेले. संस्कृताचे ते जाणकार. तरी त्यांनी थाई नव्याने, विद्यार्थी होऊन आत्मसात केली, थाईत ग्रंथ लिहिले आणि १९४० साली थाई-भारत सांस्कृतिक आश्रमाची स्थापना केली. १९४२ साली टोकियोला जाताना विमान अपघातात त्यांचा अंत झाला. उलट बाजूने करुणा कुसलासय यांनी तरुणपणी भारतात येऊन हिंदी व संस्कृत शिकून घेतले आणि पुढे गांधीजींचे आत्मचरित्र व नेहरूंचे ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ थाईत नेले. राजकन्या सिरिंधोर्न यांनी संस्कृताचा रीतसर अभ्यास केला. २०१७ साली भारताने त्यांना पद्मभूषण दिले. ही बाकी आपल्या नावावर निघते आहे, आणि सहलीत चार शब्द ओळखून ती फिटणारी नाही.

तेव्हा सूचना एकच करतो, आणि ती एखाद्या मराठी प्रकाशकाने मनावर घेण्याजोगी आहे. थाई बोलायला शिकविणारे लहानसे पुस्तक देवनागरीत निघावे. सुरांसाठी चिन्हे शोधत परदेशी जायला नको. १९१६ साली बडोद्यास पहिली संगीत परिषद भरली आणि १९१८ साली ग्वाल्हेरीस माधव संगीत विद्यालय निघाले, ती ज्यांच्या पुढाकाराने, त्या भातखंड्यांची स्वरलिपी आपल्या घराघरांतल्या मुलींनी गिरविली आहे. मंद्राचा खालचा ठिपका खालच्या सुराला, ताराचा वरचा ठिपका उंच सुराला, मींडेची कमान उलटसुलट करून चढत्या-उतरत्याला. सपाट सुराला काहीच नको. पहिल्या पानावर ‘क्लाय’ आणि ‘क्लाय’ छापावे, एक बिनखुणेचे, दुसरे कमानीचे. संस्कृत शब्दांची यादी शेवटच्या पानावर द्यावी, आणि तीही अर्थ कसकसे बदलले ते दाखवीत.